तार ढिली होती

मित्रांनो, मी एक जुना ताकद मोजायचा खांब आहे. आनंदमेळ्यात तुम्ही मला नाही तरी माझ्या एखाद्या भावाला पाहिलं असेल. बारा फूट उंची, डोक्यावर पितळी घंटा आणि पायाशी एक जाड फळी. फळीच्या एका टोकावर लाकडी घण घातला की दुसऱ्या टोकावरचा लोखंडी मणी उडतो आणि तारेवरून वर सरकत जातो. अंगात जोर असेल तर तो थेट घंटेला भिडतो. निदान लोकांची तशी समजूत असते.

सध्या मी एका लाकडाच्या वखारीत भिंतीला टेकून उभा आहे. घंटा कुणीतरी काढून नेली. वखारवाल्याने माझ्या अंगावर खडूने रेघ ओढली आहे, तिथून मला कापणार आहेत. त्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. ती थोडी माझी आहे आणि बरीचशी एका मुलाची आहे.

मला विजेचा खांब व्हायचं होतं. पण मधोमध गाठ निघाली म्हणून मला नाकारलं आणि एका सुताराच्या अंगणात टाकून दिलं. तिथून मालकाने मला उचललं. मालक म्हणजे गोल पोटाचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. त्याचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचायचा. त्याने मला तासून घेतलं, लाल रंग दिला आणि एका रंगाऱ्याकडून अंगावर पाच शब्द लिहून घेतले. सगळ्यात खाली ‘बाई’. त्याच्यावर ‘पोर’. मग ‘गडी’, मग ‘पहिलवान’ आणि अगदी घंटेखाली ‘मर्द’. ‘पहिलवान’ लिहिताना रंगाऱ्याला जागा पुरली नाही, म्हणून शेवटचा ‘न’ त्याने जरा खाली ढकलला. त्यामुळे माझा पहिलवान जन्मभर लंगडाच राहिला.

मालकाच्या बायकोला मेळ्यातली सगळी माणसं वहिनी म्हणत. रंग वाळल्यावर वहिनीने खालचा शब्द वाचला आणि ती म्हणाली, की दर गावात या खांबाचं जड टोक खांद्यावर कोण घेतं, हे रंगाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. खरंच होतं ते. मालकाची कंबर कायम धरलेली, त्यामुळे मला गाडीवरून उतरवून उभं करणं हे वहिनीचंच काम. तेव्हा मालक हसला, वहिनीही हसली. मला वाटलं, गंमतच आहे ही.

आता माझं गुपित सांगतो. माझ्या तारेचं वरचं टोक घंटेपाशी पक्कं होतं. खालचं टोक मात्र एका कडीतून मागे जायचं आणि तिकिटाच्या खोक्यात, वहिनीच्या बाकाच्या पाठीला बांधलेलं असायचं. ती पाठ मुद्दाम सैल ठेवली होती. वहिनी रेलून बसली की तार ताठ व्हायची आणि मणी सरसर वर जायचा. वहिनी पुढे वाकली की तार ढिली पडायची, मणी तिला घासायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. मालकाने डाव्या कानाला हात लावला की तिने पुढे वाकायचं, एवढाच इशारा होता. समोर कितीही दांडगा माणूस असला तरी घंटा वाजायची की नाही, ते त्या बाकावर ठरायचं.

मालक ओरडायचा, “या दादा, या! मनगटात दम आहे, की नुसत्या मिशाच वाढवल्यात?” जो पुढे यायला कचरायचा त्याला विचारायचा, “हातात बांगड्या भरल्यात का?” लोक खदखदून हसायचे. आणि ज्याच्यावर हसायचे तो बाह्या सरसावून पुढे यायचाच. मित्रांनो, वीस वर्षं मी हे पाहिलं आहे. स्वतःच्या हौसेने घण उचलणारे थोडे असतात. बाकीचे लोक हसतील म्हणून उचलतात.

एका गावाला आम्ही दर हिवाळ्यात दहा दिवस जायचो. तिथल्या बाजारात हमालांचा एक मुकादम होता. माणूस कसला, दरवाजाच. पहिल्याच वर्षी तो सहा वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन आला, मुलाला खाली उतरवलं, एका घावात घंटा वाजवली आणि आजूबाजूला न बघता निघून गेला. बघायची गरजच नव्हती, सगळे त्याच्याकडेच बघत होते. मुलगाही बघत होता. त्याच्या हातात एक कागदी भिरभिरं होतं, ते फिरायचं थांबलं तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर बापाने त्याच्या हातात घण दिला. त्याला तो धड उचलता येईना. दहाव्या वर्षी उचलता आला, पण मणी ‘बाई’च्या पुढे सरकला नाही. बापाने सगळ्यांसमोर त्याच्या डोक्यात टपली मारली. फार जोरात नव्हती ती. पण मुलगा वर्षभर ती विसरला नसावा, कारण पुढच्या वर्षी तो आईच्या मागे लपून मैदानाच्या दुसऱ्या बाजूने गेला.

बाराव्या वर्षी बापाने त्याला पुन्हा माझ्यासमोर आणलं. पाच वेळा घण घातला, पाच वेळा मणी ‘पोर’पाशी थांबला. मुलाचे डोळे भरून आले. बाप खाली वाकून, हळू आवाजात म्हणाला, “रडायचं नाही. रडणाऱ्याला मी माझा मुलगा म्हणत नाही. घंटा वाजेपर्यंत इथून हलायचं नाही.” आणि तो समोरच्या चहाच्या ठेल्यावर जाऊन बसला.

मुलगा तासभर माझ्यापाशी उभा होता. हाताला फोड आले होते. बाहीने नाक पुसायचा आणि बाप बघत नाही ना, ते बघायचा. वहिनी खोक्यातून सगळं पाहत होती. शेवटी तिने मालकाच्या इशाऱ्याची वाट पाहिली नाही. मुलाने घण उचलला तशी ती दोन्ही पाय खोक्याच्या फळीला लावून, अंगातलं सगळं वजन टाकून मागे रेलली. तार इतकी ताठ झाली की माझ्या अंगातून झिणझिण्या गेल्या. मणी वर गेला आणि घंटा वाजली.

बाप ठेल्यावरून उठून धावतच आला. त्याने मुलाला उचलून छातीशी धरलं, त्याच्या गालाला गाल लावला. मी त्या मुलाला सहा वर्षं पाहत होतो, पण बापाने त्याला असं धरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मुलगा डोळे मिटून त्या मिठीत राहिला. वहिनीचेही डोळे ओले झाले. तिला वाटलं, आपण एका लेकराचं भलं केलं. मलाही तसंच वाटलं.

पण मैदानातून बाहेर पडताना रांगेतला एक मुलगा त्याला म्हणाला, की नशिबाने वाजली असेल. आमच्या मुलाने मागेपुढे पाहिलं नाही, त्याच्या तोंडावर ठोसा मारला. समोरचा खाली पडला, ओठातून रक्त आलं. मुलगा घाबरून बापाकडे बघायला लागला. बापाने त्याच्या पाठीवर थाप मारली. “आता कसं!” म्हणाला. त्या दोन शब्दांनी मुलाच्या चेहऱ्यावरची भीती गेली. मी खांब आहे, मला फारसं कळत नाही, पण ती भीती जायला नको होती एवढं मला आज कळतं.

त्यानंतर तो दर वर्षी यायचा आणि दर वर्षी घंटा वाजवायचा. पुढे त्याला कुणाच्या मदतीची गरज उरली नाही, खांदे बापासारखेच रुंद झाले. मेळ्यातली माणसं त्याला ‘घंटावाला’ म्हणू लागली. मालक त्याला लांबून बघून ओरडायचा, की बाजूला व्हा, घंटेचा जावई आला. गर्दी जमवायला तो बरा पडायचा, म्हणून वहिनी त्याच्या वेळी नेहमी रेलून बसायची.

एका वर्षी तो बापालाही घेऊन आला. मुकादमाची पाठ गेली होती, पोती उचलणं बंद झालं होतं. लोकांनी आग्रह केला म्हणून म्हाताऱ्याने घण उचलला आणि मणी ‘बाई’पाशीच राहिला. कुणीतरी हसलं. म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. मुलगा दुसरीकडेच बघत होता. बापानेच शिकवलेलं होतं ते. त्यानंतर मुकादम मेळ्यात कधी आला नाही.

घंटावाल्याचं लग्न झालं. मुलगी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची होती आणि स्वतःही बापाच्या दुकानात बसून रेडिओ दुरुस्त करायची. तिचा कान फार तीक्ष्ण होता. पहिल्यांदा मेळ्यात आली तेव्हा घंटा ऐकून ती वहिनीला म्हणाली, “वहिनी, घंटेला बारीक चीर आहे. आवाज शेवटी फाटतो बघा.” वहिनीने शिडी लावून पाहिलं तर खरंच चीर होती, केसासारखी. तेव्हापासून दोघींची गट्टी जमली. नवरा मित्रांबरोबर हिंडत असला की ती खोक्यापाशी स्टूल ओढून बसायची, आणि मैदानावरच्या भोंग्यांपैकी कुठला कशामुळे खरखरतोय ते वहिनीला सांगायची.

आता त्या दिवसाचं सांगतो. ते सांगायला जीभ रेटत नाही, पण त्यासाठीच तर सुरुवात केली आहे.

रविवारची संध्याकाळ होती. मैदान फुललेलं होतं. घंटावाला चार मित्र आणि बायको यांच्यासोबत आला आणि त्याने नेहमीसारखा घण उचलला. त्या दिवशी मालकाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. नेहमी जिंकणारा एकदा हरला तर लोकांना मजा येईल आणि बाकीचेही पुढे येतील, असा त्याचा हिशेब असावा. त्याने डाव्या कानाला हात लावला. वहिनी क्षणभर थांबली. मालकाने पुन्हा कानाला हात लावला. ती पुढे वाकली.

मणी ढिल्या तारेला घासत वर गेला आणि ‘गडी’च्या खाली अडकला. घासताना त्याचा मोठा विचित्र आवाज झाला. शेळी बें-बें करते ना, अगदी तसा. सगळे गप्प झाले होते. त्या शांततेत त्याची बायको फिसकन हसली. लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

मालकाने संधी साधली. म्हणाला, “लग्न मानवलेलं दिसत नाही!” मग काय, मैदानभर हशा. घंटावालाही हसला. त्याने आणखी दोनदा घण घातला. दोन्ही वेळा तोच आवाज, दोन्ही वेळा मणी खाली. त्याने घण अगदी हळू खाली ठेवला. ते हळू ठेवणं मला अजून आठवतं. मग बायकोच्या दंडाला धरून तो निघून गेला. दोघं गेल्यावरही वहिनी पुढे वाकूनच बसली होती.

त्या वर्षी ती मुलगी पुन्हा मेळ्यात दिसली नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही तिथे गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान रिकामं होतं, माणसं तंबूची कापडं वाळत घालत होती. तेव्हा ती आली, एकटीच. वहिनीने तिला डाव्या बाजूने हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. वहिनीने पुन्हा हाक मारली, मग जवळ जाऊन खांद्याला हात लावला. ती दचकली आणि म्हणाली, की या बाजूने ऐकू येत नाही आता.

मग थोडं थोडं करून तिने सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर त्याने दार लावलं आणि तिच्या कानाखाली मारली. एकदाच. कानात शिट्टी वाजावी तसं झालं, ती शिट्टी तीन दिवस वाजत होती आणि मग सगळंच बंद झालं. डॉक्टर म्हणाले, पडदा गेला, आणि आतलंही काही दुखावलं आहे. दुसऱ्या दिवशी तो रडला, औषधं आणली, पाय धरले. मग महिनाभर बरा होता. आणि मग पुन्हा एकदा कुणीतरी त्याला काहीतरी बोललं.

एवढं सांगून ती थांबली. मग तिने वहिनीला विचारलं, “त्या दिवशी तार ढिली होती का?”

वहिनीची नजर खोक्यातल्या बाकाकडे गेली.

“मी आवाजालाच हसले होते, वहिनी. शेळीसारखा आवाज होता तो. त्यांच्या घावाने मणी कधी तसा वाजला नव्हता. मी वर्षभर तोच आवाज डोक्यात ऐकतेय. ताठ तारेवरून तसा आवाज येत नाही.”

वहिनी म्हणाली, “ढिली होती. मीच केली होती.”

मला वाटलं, ती आता रागावेल, रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली. ती वहिनीचे हात धरून म्हणाली, की हे तुम्ही त्यांना सांगा. आपण हरलोच नव्हतो हे एकदा कळलं की त्यांच्या मनातलं जाईल. त्या दिवसापासूनच सगळं बिघडलंय. वहिनीने तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. बिघाड त्या दिवसाचा नाही, हे बहुतेक वहिनीला तेव्हाच कळलं असावं. तरी ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याला घेऊन आली. मालक सामान आणायला बाजारात गेला होता. वहिनीने खोक्याचा पत्रा काढून बाक दाखवला, तार दाखवली, कानाचा इशाराही सांगितला. मग त्याला घण घालायला लावला. ती पुढे वाकली तेव्हा मणी अडकला. मागे रेलली तेव्हा घंटा वाजली. त्याला बाराव्या वर्षाचीही गोष्ट तिने सांगितली, काही लपवलं नाही.

तो तारेकडे बघत राहिला. त्याची बायको त्याच्या उजव्या हाताला उभी होती आणि नजर न हलवता त्याचा चेहरा बघत होती, बिघडलेला रेडिओ आता लागेल, आता लागेल असं वाटावं तशी.

शेवटी तो म्हणाला, “हे सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे. त्या दिवशी जे जे हसले त्यांना बोलवा आणि त्यांच्यासमोर सांगा.”

वहिनी म्हणाली, “सांगते. मैदानात उभी राहून सांगते. पण आधी हिला काय सांगणार आहेस?”

“हिला काय सांगायचं?”

“हिच्या कानाबद्दल.”

तो गोंधळल्यासारखा झाला. कुणी भलत्याच विषयाचं विचारावं तसा. मग म्हणाला, “ती हसली होती, वहिनी.”

एवढंच. त्यात राग नव्हता. अगदी साधं, सगळ्यांना पटेल असं कारण सांगावं, तसं त्याने ते सांगितलं.

ती मुलगी त्याच्या उजव्या हाताला होती, म्हणजे तिचा चांगला कान त्याच्याकडे नव्हता. तरी तिने ते ऐकलं. कदाचित ओठांवरून वाचलं असेल. ती वहिनीला म्हणाली, “येते मी.” आणि घराकडचा रस्ता सोडून, बसथांब्याकडच्या दाराने बाहेर पडली. तिच्याजवळ पिशवीसुद्धा नव्हती.

त्याला ती गेलेली लगेच कळलंही नाही. कळलं तेव्हा त्याने दोन पावलं टाकली आणि थांबला. मला वाटतं, मागे धावणं, हाक मारणं, चुकलं म्हणणं यातलं काही त्याच्या हाताशी नव्हतं. कुणी त्याला ते दिलंच नव्हतं. हाताशी घण होता. त्याने तो उचलला. वहिनी खोक्यातून उठून गेली होती, तार ढिली लोंबत होती. तो घाव घालत राहिला आणि मणी खाली पडत राहिला. मैदानात बघायला कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी वहिनी खोक्यात बसली नाही. मालकाने खूप समजावलं. मी कधी तुझ्यावर हात उगारला का, असंही म्हणाला. ती म्हणाली, “नाही उगारलात. पण दहा जणांचा हात उगारला जाईल असं रोज ओरडलात, आणि मी मागे बसून तार ओढली.” त्या दिवसापासून ती आकाशपाळण्याची तिकिटं फाडू लागली.

मालक चिडला, पण वाईट माणूस नव्हता तो. एका दुपारी माझ्या फळीवर बसून आपल्याशीच म्हणाला, की मी तर फक्त लोकांना हसवत होतो. त्याने भाच्याला खोक्यातल्या बाकावर बसवून दोन हिवाळे काढले. पण पूर्वीसारखी आरोळी त्याला जमेना. बांगड्यांचं वाक्य तोंडात आलं की तो पाळण्याकडे बघायचा आणि वाक्य अर्धंच राहायचं. गर्दी कमी झाली. एक दिवस त्याने मला वखारीत आणून टाकलं. जड टोक उचलायला वहिनी आली होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी तसं म्हणणार नाही. मला खुशाल कापा. माझं कुठं दार झालं, बाक झालं, तरी मला पुष्कळ आहे. मला फक्त एवढंच वाटतं, की एखादा मुलगा हरून उभा असेल आणि डोळे पुसत असेल, तर तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि त्याला घरी घेऊन जा. त्याला जिंकवायला जाऊ नका. आमच्या मुलासाठी वहिनीने तार ओढली, बापाने शाबासकी दिली, मी घंटा वाजवली. तू रडलास तरी आमचाच आहेस, हे सांगायला मात्र आमच्यातला एकही पुढे झाला नाही.

त्या मुलीबद्दल वहिनीने मला गाडीतून उतरवताना मालकाला जे सांगितलं, तेवढंच मला ठाऊक आहे. ती बापाच्या दुकानात परत बसते. रेडिओ अजूनही दुरुस्त करते, पण पूर्वी एका मिनिटात कळायचा तो बिघाड शोधायला आता वेळ लागतो. गिऱ्हाईक डाव्या बाजूने बोललं की ती नुसतीच हसते, आणि लोकांना वाटतं, बाईंना शिष्टपणा आला. तुम्ही कधी त्या दुकानात गेलात तर तिच्या उजव्या बाजूला उभे राहा, आणि हळू बोला.